फौजेत झालेल्या जखमेचा पुरावा बीडमध्ये कुठून आणायचा?

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला आपल्या मोहल्ल्यांत बॅनर लागतात. त्यावर परमवीर अब्दुल हमीद यांचा फोटो असतो, १९६५ च्या लढाईची आठवण निघते. आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर पाटोद्याच्या शेख तौसिफ आरिफचं नाव निघतं. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान गेले, त्यांतला हा एक. या शहादतीचा मान आपण राखतो, आणि राखायलाच हवा.

पण जो जवान जिवंत परत आला, त्याचं काय? गुडघा निकामी झालेला, कान गेलेला, फिट येणारा, शुगर आणि बीपीच्या गोळ्या घेऊन आलेला. त्याचा बॅनर लागत नाही. त्याच्या हातात एक डिस्चार्ज बुक असतं आणि एक इंग्रजी कागद. त्या कागदावर लिहिलेलं असतं की हा आजार फौजी नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही. तेवढ्या एका ओळीवर त्याचं अपंगत्व पेन्शन, म्हणजे सगळे ज्याला डिसेबिलिटी पेन्शन म्हणतात ते, नामंजूर होतं. बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये म्हणून हा लेख. २०२५ या वर्षात सर्वोच्च न्यायालय आणि दिल्ली उच्च न्यायालय या दोघांनीही या विषयावर सैनिकांच्या बाजूने महत्त्वाचे निकाल दिले. दुसरीकडे २०२३ पासून सरकारने नियम बदलले आहेत. अग्निवीरांची पहिली तुकडी चार वर्षं पुरी करण्याच्या टप्प्यावर आली आहे. म्हणजे ज्यांचा हक बुडाला ते आणि ज्यांची मुलं आज भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात ते, दोघांनीही हा मसला समजून घेण्याची ही वेळ आहे.

पैसा किती आणि कसला?

लष्करी अपंगत्व पेन्शनचे दोन भाग असतात. एक भाग केलेल्या नोकरीचा. दुसरा भाग अपंगत्वाचा. अपंगत्व १०० टक्के असेल तर या दुसऱ्या भागात शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम दरमहा मिळते आणि टक्केवारी कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. लढाईत जखम झाली असेल तर हाच दर ६० टक्के होतो. अपंगत्व किमान २० टक्के हवं आणि ते नोकरीमुळे झालेलं किंवा नोकरीमुळे वाढलेलं हवं, या दोन मुख्य अटी.

यात एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेऊन मोजली जाते. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यापुढे १००. ही सवलत सुरुवातीला फक्त आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना होती. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात स्पष्ट केलं.

हिशेब करून बघू. समजा गेवराई तालुक्यातल्या एका नाईकाचा शेवटचा पगार ४०,००० रुपये होता आणि बोर्डाने त्याचं अपंगत्व २० टक्के लावलं. ४०,००० चे ३० टक्के म्हणजे १२,०००. त्याच्या २० टक्क्यांचे होतात २,४००. पण २० चे ५० धरले की तेच ६,००० होतात, वर महागाईभत्ता वेगळा. दरमहा ३,६०० चा फरक, वर्षाला ४३,२०० चा. कापूस आणि सोयाबीनच्या भावावर जगणाऱ्या, एका पावसाने वर्ष फिरणाऱ्या घरात हा आकडा मुलीची फी असतो, आईचं औषध असतो.

एका ओळीवर अडलेला हक

नोकरी सुटताना मेडिकल बोर्ड बसतं. बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि आजाराचा नोकरीशी संबंध आहे की नाही हेही लिहितं. बहुतेक दावे बुडतात ते या दुसऱ्या रकान्यात. आजार स्वभावतःच शरीरातला आहे, शांत भागात नेमणूक असताना सुरू झाला, राहणीमानामुळे झाला, अशी ठरलेली वाक्यं तिथे येतात.

यावर कायदा काय म्हणतो ते धरमवीर सिंग प्रकरणात आलं आहे. हा जवान १९८५ मध्ये सिग्नल्समध्ये भरती झाला. १९९४ मध्ये फिटच्या आजारामुळे त्याला घरी पाठवलं. अपंगत्व २० टक्के लावलं, पण नोकरीशी संबंध नाही असं लिहिलं. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो असा. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी त्याला धडधाकट म्हणून घेतलं, कागदावर कुठलाही आजार नोंदवला नाही, तर पुढे झालेला आजार नोकरीतच झाला असं धरलं पाहिजे. संबंध नाही असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. बोर्डाला कारणं लिहावी लागतील. आणि शंका असेल तर तिचा फायदा जवानाला.

याच वाटेने पुढचे निकाल आले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजेंदर सिंग या जवानाला न्याय दिला. तो सियाचिनला राहून आलेला होता, फिट येऊ लागल्यावर १९८९ मध्ये नोकरी सुटली होती. मे २०२५ मध्ये राजुमोन प्रकरणात मानसिक आजाराच्या बाबतीतही न्यायालय म्हणालं की कारणं न देता बोर्डाने मांडलेलं मत हे पेन्शन नाकारायला पुरेसं नाही. दिल्ली उच्च न्यायालयासमोर माजी सुभेदार गवस अनिल मडसो यांचं प्रकरण होतं, आजार मधुमेह. न्यायालयाने म्हटलं की शांत भागात आजार सुरू झाला एवढंच कारण पुरत नाही, राहणीमानाचा आजार हा शिक्का मारूनही भागत नाही.

पण चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपण लोकांना खोटी उमेद देऊ. ऑक्टोबर २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच मानसिक आजाराच्या जवानाला पेन्शन नाकारलं. काही मानसिक आजार भरतीच्या तपासणीत दिसूच शकत नाहीत, म्हणून केवळ ‘भरतीच्या वेळी नोंद नव्हती’ एवढ्यावर हक आपोआप मिळत नाही, असं तिथे म्हटलं गेलं. म्हणजे प्रत्येक प्रकरण आपल्या कागदांवर उभं राहतं किंवा पडतं. कायदा बाजूने झुकलेला आहे, पण कागद मात्र आपल्यालाच गोळा करावे लागतात.

सरकार आपल्याच सैनिकाशी का भांडतं?

हा प्रश्न आमचा एकट्याचा नाही. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकर यांनी तज्ज्ञांची एक समिती नेमली होती. संरक्षण खात्याचे कोर्टातले दावे कमी कसे करायचे, हे तिने सांगायचं होतं. अपंग सैनिकांच्या पेन्शनविरुद्ध खातं अपिलावर अपील करत राहतं, यावर त्या समितीने कडक शब्दांत बोट ठेवलं. त्यानंतर दहा वर्षं गेली. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या सुमारे ३०० याचिका एका झटक्यात फेटाळल्या. त्या सगळ्या कशाविरुद्ध होत्या? सैनिकांना न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या अपंगत्व पेन्शनविरुद्ध. म्हणजे ३०० घरं, जी खालच्या न्यायाधिकरणात जिंकून आली होती, त्यांना सरकारने पुन्हा वरच्या कोर्टात उभं केलं होतं.

सरकारचं म्हणणंही ऐकू. देशाच्या लेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, अपंगत्व पेन्शनच्या वाढत्या खर्चावर आणि राहणीमानाच्या आजारांच्या वाढत्या प्रमाणावर बोट ठेवलं आहे. पैसा जनतेचा आहे, तपासून द्यायला हवा, यात चूक काहीच नाही. पण त्याच लेखापरीक्षणात दिसलं की अपंगत्व घेऊन निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांच्या दुपटीच्या आसपास आहे. जवान तर जास्त काळ चौकीवर, जास्त काळ पायी. मग हा फरक आला कुठून? आमच्या मते यात माहितीचा मोठा वाटा आहे. अधिकाऱ्याला बोर्डासमोर काय मांडायचं ते ठाऊक असतं. जवानाला कागदावर सही कुठे करायची तेवढं सांगितलं जातं.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले. आजार असूनही ज्याने मुदत पूर्ण केली त्याच्या रकमेला आता पेन्शनऐवजी वेगळं नाव दिलं गेलं आणि आजारांच्या कसोट्या कडक झाल्या. माजी सैनिकांच्या संघटनांनी याला विरोध केला. सर्वसामान्य घराने एवढं लक्षात ठेवायचं की नोकरी कधी सुटली, त्यावर कोणते नियम लागू होतात ते ठरतं. १९८२ चे, २००८ चे की २०२३ चे. जुन्या जवानाला कुणी नवे नियम दाखवून परत पाठवत असेल तर तिथे थांबून विचारायचं.

बीडला हे अवघड का जातं

साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. तिथे घरटी फौजी. बोर्डाचा कागद नामंजूर आला तर गल्लीतला कुणी निवृत्त सुभेदार दोन मिनिटांत सांगतो की आता काय लिहायचं, कुठे पाठवायचं. कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर इथेही थोड्याफार फरकाने तेच. तिकडे ही माहिती गावातच असते, तिच्यासाठी वकिलाकडे जावं लागत नाही.

मराठवाड्यात तशी परंपरा त्या प्रमाणात रुजली नाही. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, फौजेची भरती इथल्या गावांत पश्चिम महाराष्ट्रासारखी पिढ्यान् पिढ्या झाली नाही. बीड म्हटलं की ऊसतोड आठवते, छावणी आठवत नाही. त्यात आपल्या समाजातले फौजी आणखी विखुरलेले. एखाद्या गावात एकच घर. त्या घराला विचारायला शेजारी कुणी नाही. २००६ मध्ये सच्चर समितीच्या वेळी फौजेत मुसलमान किती, या आकड्यावरून देशभर गदारोळ झाला. आकड्यावर भांडण होतं, पण फौजेतून घरी आलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. आपणही नाही.

अंतराचा मसला आहेच. सैनिकांच्या न्यायाधिकरणाचं आपल्यासाठीचं खंडपीठ मुंबईला आहे. पेन्शनचा सगळा कारभार प्रयागराजहून, ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर. रेकॉर्ड ऑफिस पलटणीप्रमाणे वेगवेगळ्या गावी. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, एवढी एक सोय झाली.

आणि एक गैरसमज बीडमध्ये फार आहे. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड काढलं की फौजेचं पेन्शन सुरू होईल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. ते कार्ड एसटीच्या सवलतीला, राज्याच्या योजनांना कामाला येतं. फौजेचं पेन्शन ठरतं ते फौजेच्या मेडिकल बोर्डावर. सिव्हिल सर्जनचा दाखला तिथे फार तर जोडकागद.

याला आणखी एक किनार आहे. बदलीत सवलत मिळावी म्हणून जोडलेली दिव्यांग प्रमाणपत्रं फेरतपासणीत टिकली नाहीत, म्हणून आपल्याच बीड जिल्हा परिषदेने काही वर्षांपूर्वी शिक्षकांना निलंबित केलं होतं. तेव्हापासून अपंगत्वाचा कागद पुढे केला की समोरचा आधी संशयाने बघतो. खोटं प्रमाणपत्र काढणाऱ्याने सरकारला तर फसवलंच, पण खऱ्या अपंगाची इज्जतही विकली.

आपल्या घरांतल्या अडचणी

काही अडचणी खास आपल्या घरांतल्या आहेत, त्या आपणच सोडवायच्या.

पहिली नावाची. मराठवाड्यात ‘शेख अमुक शेख तमुक’ असं नाव लिहिण्याची पद्धत. फौजेच्या कागदावर नाव एक, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. ‘शेख’ चं इंग्रजी स्पेलिंगच तीन-चार प्रकारे होतं. ‘स्पर्श’ वर पेन्शनच्या कागदातलं नाव आणि आधारचं नाव जुळलं नाही की हयातीचा दाखला अडतो आणि पेन्शन थांबू शकतं. तीच गत बीबीच्या नावाची. निकाहाआधीचं नाव, निकाहानंतरचं नाव, घरी हाक मारायचं नाव. निकाहनामा उर्दूत असतो आणि फौजेच्या कागदांत निकाहाची नोंद वेळेवर झालेली नसते. नवरा असेपर्यंत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. तो गेल्यावर बेवा बाईला सिद्ध करत बसावं लागतं की मीच त्याची बायको. हे काम आज, माणूस बसलेला असताना करून घ्यायचं आहे. निकाहनाम्याचं भाषांतर करून घ्या, राजपत्रात नाव दुरुस्त करा, रेकॉर्ड ऑफिसला नोंद पाठवा.

दुसरी अडचण गप्प बसण्याची. जवान घरी आला, रात्री दचकून उठतो, कुणाशी बोलत नाही, विनाकारण चिडतो. घरचे म्हणतात नजर लागली, साया आहे. मग दर्गा, आमिल, तावीज. दुआ आपल्या जागी आहे, तिला आमची ना नाही. पण डॉक्टरचा कागद नसेल तर उद्या बोर्डासमोर काय ठेवणार? मानसिक आजाराची प्रकरणं कोर्टात आधीच कठीण जातात. उपचाराचा सलग कागद हा तिथला अर्धा दावा असतो. डोक्याचा आजार ही बेअब्रू नाही, तो गोळी लागण्यासारखाच आजार आहे.

तिसरी अडचण खुद्दारीची. ‘सरकारपुढे हात काय पसरायचा, अल्लाहने दोन वेळचं दिलंय.’ हे वाक्य मोठं आहे, पण इथे लागू नाही. हे पेन्शन म्हणजे खैरात नाही, जकात नाही. माणसाने शरीर देऊन केलेल्या कामाचा तो मोबदला आहे. मजुराची मजुरी लांबवू नये, ही शिकवण आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मग मजुराने आपली मजुरी मागण्यात लाज कसली?

रस्ता कसा आहे

आता प्रत्यक्ष करायचं काय ते क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी कागद. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत, लष्करी रुग्णालयांचे डिस्चार्ज कार्ड, मेडिकल कॅटेगरी खाली आणल्याचे आदेश, अपघात झाला असेल तर चौकशीचा अहवाल. बोर्डाची प्रत हातात नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उशीर करू नका. ज्यांना पेन्शन नाही अशांच्या फायली फौजेत २५ वर्षांनी नष्ट केल्या जातात. फाइल गेली की दावा लंगडा होतो.

मग कागद नीट वाचून घ्या. बोर्डाने संबंध नाही म्हटलं असेल तर त्यापुढे कारण लिहिलंय का? नेमणुका कुठे कुठे होत्या, उंचावर, सीमेवर, दहशतवादविरोधी भागात? आजार भरतीनंतर किती वर्षांनी सुरू झाला? ही तीन उत्तरं म्हणजे तुमच्या अपिलाचा गाभा.

नामंजुरीचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं. तेही फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज करायचा. अपिलावर सहा महिने उत्तरच आलं नाही, तरीही तिथे जाता येतं. मुदत उलटून गेली असली तरी दार बंद नसतं, उशिराचं कारण मांडून माफी मागता येते. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२३ रोजी स्पष्ट केलं आहे.

पुष्कळ जण विचारतात, नोकरी सुटून २० वर्षं झाली, आता काय उपयोग? उपयोग आहे. पेन्शन हा दर महिन्याला नव्याने निर्माण होणारा हक आहे. तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. जवान १६ वर्षं उशिरा कोर्टात आला होता. पेन्शन मिळालं, पण थकबाकी मात्र दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच. म्हणजे उशीर केला तर हक जात नाही, पैसा जातो. आणि २००८ च्या नियमांत एक महत्त्वाची अट आहे. नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षांनी दावा केला तर सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावर येतो. तेव्हा १५ वर्षं उलटायच्या आत हलणं शहाणपणाचं.

जवान वारला असेल तर त्याची राहून गेलेली थकबाकी वारसांना मागता येते. बेवा बाईने आपल्या कुटुंब पेन्शनबरोबर हेही तपासून घ्यावं.

वकिलाचा खर्च? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि अपंग व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक आहे. त्यासाठी बीडच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. २६ जुलै २०२५ रोजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू झाली, तिच्यात सैनिक मंडळांमध्येच कायदेशीर मदतीची केंद्रं चालवायची आहेत. बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आधी नोंदणी करा आणि हे केंद्र कधी भरतं ते विचारा. लोक विचारायला गेले तरच ते भरेल.

एक सावधगिरी. मिळणाऱ्या थकबाकीत टक्का मागणारे दलाल सगळीकडे आहेत. कोऱ्या कागदावर सही, एटीएम कार्ड, ‘स्पर्श’ चा पासवर्ड, आधारचा ओटीपी यांतलं काहीही कुणाच्या हाती देऊ नका. मूळ डिस्चार्ज बुकही देऊ नका, झेरॉक्स द्या.

उद्याच्या मुलांचं काय

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. आता जवान भरती याच वाटेने होते. अग्निवीराला नोकरीमुळे अपंगत्व आलं तर टक्केवारीप्रमाणे एकदाच १५, २५ किंवा ४४ लाख रुपये, राहिलेल्या मुदतीचा पगार आणि सेवा निधी. दरमहा पेन्शन नाही. रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण २२ वर्षांच्या मुलाचा पाय गेला, तर त्याच्यापुढे ४० वर्षं उभी असतात. महागाईप्रमाणे वाढत जाणारं पेन्शन आणि एकदाच हातात आलेला पैसा यांतला फरक शेतकऱ्याच्या घराला समजावून सांगावा लागत नाही. धरणात जमीन गेलेल्यांचा मोबदला किती दिवस पुरला, ते आपण पाहिलं आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनमध्ये अग्निवीर अक्षय गवते गेला. तो बुलढाण्यातल्या पिंपळगाव सराईचा. सैलानी बाबांच्या दर्ग्यामुळे हे गाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. बर्फ अग्निवीर आणि जुना जवान असा भेद करत नाही. मग नियम का करतात, हा प्रश्न खासदार-आमदारांना विचारायचा आहे. हिंदू-मुसलमान, मराठा-वंजारी-दलित, सगळ्यांची मुलं त्याच रांगेत उभी आहेत. बीडच्या वातावरणात सगळ्यांना एकत्र बसून बोलता येईल असे विषय कमी उरलेत. हा त्यांतला एक आहे.

मागणी साधी आहे

सरकारकडे आमच्या मागण्या तीन. बोर्डाने कारण न लिहिता संबंध नाकारला असेल, तर अशी प्रकरणं कोर्टात न पाठवता खात्यानेच दुरुस्त करावीत. सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकलेल्या मुद्द्यावर खात्याने पुन्हा अपील करू नये. आणि नामंजुरीचं पत्र जवानाला त्याच्या भाषेत मिळावं, कारण आणि अपिलाची मुदत स्पष्ट लिहून.

समाजाकडे मागणी एकच. आपल्या मशिदींच्या कमिट्यांकडे, जमातींकडे, तालमींकडे माणसं आहेत, जागा आहे. बीड, परळी, माजलगाव, अंबाजोगाई इथे महिन्यातल्या एका जुम्म्याला नमाजनंतर एक तास टेबल टाकायचं. एक निवृत्त फौजी, एक वकील, एक इंग्रजी वाचणारा पोरगा. गावातला माजी सैनिक कुठल्याही जातीधर्माचा असो, त्याचा कागद वाचून द्यायचा आणि तारीख लिहून द्यायची की या दिवसाच्या आत अपील गेलं पाहिजे. बॅनरला जेवढा खर्च येतो त्यापेक्षा हे स्वस्त आहे.

तुमच्या घरात, भाऊबंदांत, गल्लीत कुणी फौजेतून आजारपण घेऊन आलं असेल, तर त्यांची पेटी या आठवड्यात उघडा. मेडिकल बोर्डाचा कागद शोधा आणि त्यावरची तारीख वाचा.